भाषा मागितली म्हणून तुरुंग : ताशी वांगचुक यांची हकिकत



हिवाळा लागला की मैदानाशेजारी किंवा रस्त्याच्या कडेला लोकरी स्वेटर विकावयास बसलेली तिबेटी माणसे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून त्यांची एक वसाहतही आहे. आपण त्यांच्याकडे जातो, भाव करतो, स्वेटर घेतो आणि घरी येतो. ही माणसे आपला देश सोडून इतक्या दूर का आली, आणि जी तिकडेच राहिली त्यांचे काय चालले आहे, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

या पाठात आपण तिकडेच राहिलेल्या एका माणसाची हकिकत पाहणार आहोत. त्यांचे नाव ताशी वांगचुक. ते पुढारी नाहीत, भिक्खू नाहीत, पंडितही नाहीत. ते एक दुकानदार आहेत. आमच्या मुलांना आमची भाषा शाळेत नीट शिकवा, एवढीच त्यांची मागणी होती. आणि ही मागणी त्यांच्या देशाच्या कायद्यात लिहिलेलीच होती. तरीही तिच्यापायी त्यांना पाच वर्षे तुरुंगात काढावी लागली. असे कसे होऊ शकते, हा या पाठाचा विषय होय.

हा पाठ एकट्याने वाचू नये. संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. ज्याला वाचता येते त्याने मोठ्याने वाचावे, आणि शेवटी दिलेल्या प्रश्नांवर सर्वांनी बोलावे. लहान मुलांनाही बोलू द्यावे.

१. गाव आणि माणूस

चीनच्या पश्चिमेकडे छिंगहाय नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, युशू हे गाव आहे. तिबेटी लोक त्याला ज्येकुंदो म्हणतात. नकाशात 'तिबेट' म्हणून जो प्रदेश दाखवितात, त्याच्या हद्दीबाहेर हे गाव येते. पण येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास पाहिजे. चीनमधील तिबेटी लोकांची संख्या सत्तर लाखांच्या आसपास आहे, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक लोक त्या हद्दीबाहेर, छिंगहाय, सिचुआन, कान्सू व युन्नान या प्रांतांत राहतात. युशू हे अशा तिबेटी वस्तीचेच गाव. १४ एप्रिल २०१० रोजी तेथे मोठा भूकंप झाला. सुमारे २,७०० माणसे मेली आणि गावाचा मोठा भाग भुईसपाट झाला. पुढे सरकारने ते नव्याने बांधले.

ताशी वांगचुक याच गावचे. त्यांचा जन्म १९८५ च्या सुमारास झाला. ते दुकान चालवीत आणि आपल्या भागातील वस्तू इंटरनेटवरून दूरदूरच्या गिऱ्हाइकांना विकत. धंद्यात त्यांचा जम चांगला बसला होता. २०१४ साली 'अलीबाबा' या चीनमधील बड्या व्यापारी कंपनीने आपल्या जाहिरातीच्या चित्रफितीत त्यांना दाखविले होते. म्हणजे चिनी भाषा त्यांना येत नव्हती किंवा चिनी लोकांशी त्यांचे वैर होते, असे मुळीच नव्हते. त्यांचा रोजचा व्यवहारच त्या भाषेत चाले.

त्यांच्या घरात शिकत्या वयाच्या मुली होत्या. त्यांना तिबेटी लिहिता-वाचता यावे, असे ताशींना वाटे. गावच्या शाळांत शिक्षणाचे माध्यम चिनी. तिबेटी भाषा एखादी परकी भाषा शिकवावी तशी, नुसता एक विषय म्हणून शिकविली जाते, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी शाळेबाहेर शिकवणीची सोय शोधली. गावातल्या विहारात आणि एका खाजगी शाळेत असे वर्ग पूर्वी चालत. पण बाहेरच्या मुलांना तिबेटी शिकवू नका, अशी ताकीद अधिकाऱ्यांनी दिल्यामुळे ते बंद पडले होते. मुलींना घेऊन जावे कोठे? ज्या गावात बहुसंख्य माणसे तिबेटी बोलतात, त्या गावात तिबेटी लिहावयास शिकविणारा वर्ग मिळेना.

२. लिपी गेली म्हणजे काय जाते?

कोणी म्हणेल, घरात बोलतात ना तिबेटी, मग झाले तर. लिहिता आले नाही तर बिघडले काय?

हा प्रश्न आपण नीट समजून घेऊ. तिबेटी लिपी सातव्या शतकात तयार झाली. थोन्मी संभोट नावाच्या मंत्र्याने भारतात येऊन येथील लिपीवरून ती बेतली, अशी तिबेटी परंपरा सांगते. तिच्यात तीस व्यंजने आहेत. तिबेटी मूल पाटीवर पहिली अक्षरे गिरविते ती क, ख, ग, ङ अशीच. आपल्या बाराखडीची ती दूरची बहीण होय.

या लिपीत पुढे कित्येक शतके एक प्रचंड काम झाले. भगवान बुद्धांची वचने आणि भारतीय आचार्यांचे ग्रंथ संस्कृतमधून तिबेटीत उतरविण्यात आले. वचनांच्या संग्रहाला कंग्युर आणि आचार्यांच्या ग्रंथसंग्रहाला तेंग्युर म्हणतात. दोन्ही मिळून तीनशेहून अधिक पोथ्या होतात. पुढे नालंदा उद्ध्वस्त झाली आणि त्यांतील अनेक मूळ ग्रंथ भारतातून नाहीसे झाले. त्यांचा मजकूर शिल्लक राहिला तो तिबेटी भाषेत. महापंडित राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा डोंगर ओलांडून तिबेटात गेले ते याच ठेव्याच्या शोधात. तेथून त्यांनी आणलेला ग्रंथसंग्रह पाटण्यास ठेवण्यात आला. आपल्या पूर्वजांचे धन त्या लोकांनी त्यांच्या लिपीत सांभाळून ठेवले, हे आपण विसरू नये.

आता विचार करा. ज्या मुलाला ही लिपी येत नाही, त्याच्या आजोबांच्या घरातली पोथी त्याला बंद झाली. आजोबांनी लिहिलेली चिठ्ठीही बंद झाली. आपल्या लोकांचा इतिहास त्याला दुसऱ्याने सांगितला तेवढाच कळणार. बोलीभाषा चुलीपाशी काही पिढ्या जगते. पण शाळा, कचेरी, दवाखाना, न्यायालय यांतून ती बाहेर पडली की मुलांना तिची लाज वाटू लागते, आणि मग ती चुलीपाशीही उरत नाही. अक्षर हातून गेले म्हणजे माणसाचे काय होते, हे आपल्या आजा-पणजांना चांगले ठाऊक होते. ते नव्याने सांगण्याची गरज नाही.

३. कायदा काय म्हणतो?

चीनमध्ये ५६ वांशिक समाज सरकारने मान्य केले आहेत. शेकडा एक्क्याण्णवच्या आसपास लोक हान समाजाचे. उरलेले ५५ समाज अल्पसंख्य, आणि तिबेटी हा त्यांपैकी एक.

त्या देशाची राज्यघटना १९८२ सालची आहे. तिच्या चौथ्या कलमात सर्व वांशिक समाज समान आहेत असे म्हटले आहे, आणि प्रत्येक समाजास आपली बोली व लिपी वापरण्याचे आणि तिचा विकास करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९८४ साली अल्पसंख्य समाजांच्या प्रदेशांसाठी स्वायत्ततेचा वेगळा कायदा झाला. ज्या शाळांत मुख्यतः अल्पसंख्य समाजाची मुले आहेत तेथे शक्य असेल तर त्यांच्या भाषेतील पुस्तके वापरावीत व त्याच भाषेतून शिकवावे, असे त्याचे ३७ वे कलम सांगत होते. घटनेच्या ४१ व्या कलमाप्रमाणे कोणाही नागरिकास सरकारी अधिकाऱ्यावर टीका करण्याचा आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क आहे.

याच घटनेत १९ वे कलमही आहे. देशभर एक समान बोली रुजविण्याचे काम राज्याने करावे, असे ते म्हणते. सरकारची बाजू या कलमावर उभी आहे. समान भाषा आली तर अल्पसंख्य मुलांना नोकऱ्या मिळतील, देश एक राहील, असे सरकार म्हणते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. समान भाषा सर्वांना यावयासच पाहिजे. ताशींनाही ती येत होती आणि तिच्यावर त्यांचे पोट चालत होते. प्रश्न एवढाच होता की एक भाषा शिकविण्यासाठी दुसरीचा वर्ग बंद करण्याची गरज काय?

हा प्रश्न ताशींनी एकट्यानेच विचारला असेही नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये छिंगहाय प्रांतातच, रेबकोंग येथे, हजारो तिबेटी विद्यार्थी आपल्या भाषेसाठी रस्त्यावर आले होते.

४. राजधानीचा रस्ता

त्या काळात तिबेटी प्रदेशातून फार दुःखद वार्ता येत होत्या. २००९ पासून काही वर्षांत १४० हून अधिक तिबेटी स्त्री-पुरुषांनी स्वतःस जाळून घेऊन निषेध नोंदविला होता. ताशींना दुसरा मार्ग करून पाहावयाचा होता. कायद्यात हक्क लिहिलेला आहे, मग न्यायालयाकडेच का जाऊ नये, असा त्यांचा सरळ विचार होता.

२०१५ साली ते राजधानी बीजिंगला गेले. आपल्या भागातील अधिकाऱ्यांवर दावा लावण्यासाठी वकील मिळावा आणि सरकारी दूरचित्रवाणीने आपली तक्रार लोकांपुढे मांडावी, या दोन गोष्टी त्यांना पाहिजे होत्या. दोन्ही मिळाल्या नाहीत. वकिलांनी काम घेतले नाही. दूरचित्रवाणीनेही दखल घेतली नाही.

या प्रवासात 'न्यूयॉर्क टाइम्स' या अमेरिकन वृत्तपत्राचे बातमीदार त्यांच्याबरोबर होते. अशा वेळी माणसे नाव लपवितात, तोंडावर पडदा घेतात, आणि त्यात काही गैर नाही. ताशींनी मात्र आपले नाव व चेहरा दोन्ही उघड ठेवा, असा आग्रह धरला. आपण कोणताही गुन्हा करीत नाही, मग लपावे कशाला, हा त्यामागचा अर्थ. नोव्हेंबर २०१५ मध्ये वृत्तपत्राने त्यांच्यावर लेख व सुमारे नऊ मिनिटांची चित्रफीत प्रसिद्ध केली. तिबेट वेगळे करा अशी आपली मागणी नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. देशाच्या अध्यक्षांबद्दल ते बरेच बोलले. आपल्याला पकडतील ही शक्यताही त्यांनी गृहीत धरली होती.

येथे जरा थांबून सम्यक वाचेचा विचार करावा. आपण ती पुष्कळदा खोटे न बोलणे, शिव्या न देणे एवढ्यापुरतीच समजतो. खरे ते योग्य ठिकाणी, हिताच्या हेतूने, द्वेष न ठेवता आणि स्वतःच्या नावाने बोलणे, हीही सम्यक वाचाच होय. ती महाग पडू शकते.

५. अटक, खटला आणि शिक्षा

२७ जानेवारी २०१६ रोजी पोलिसांनी ताशींना युशू येथे ताब्यात घेतले. ते कोठे आहेत हे घरच्यांना कळविण्यात आले ते २४ मार्च रोजी. जवळजवळ दोन महिने घरच्यांना माणसाचा पत्ता नव्हता. कोठडीत आपला छळ झाल्याचे त्यांनी पुढे आपल्या वकिलांना सांगितले.

आरोप ठेवण्यात आला तो 'फुटीरतेस चिथावणी' दिल्याचा. पुरावा कोणता? मुख्य पुरावा ती चित्रफीत. ज्या चित्रफितीत हा माणूस मला वेगळे राज्य नको असे म्हणतो, तीच वेगळ्या राज्याची चिथावणी ठरली!

खटला उभा राहण्यास दोन वर्षे गेली. ४ जानेवारी २०१८ रोजी युशूच्या न्यायालयात तो चालला आणि सुमारे चार तासांत आटोपला. अनेक देशांच्या वकिलातींचे प्रतिनिधी खटला ऐकावयास आले होते. त्यांना आत सोडण्यात आले नाही. फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क तज्ज्ञांनी या कैदेचा जाहीर निषेध केला. २२ मे २०१८ रोजी निकाल लागला : पाच वर्षे तुरुंगवास. अटकेपासूनचा काळ त्यात धरला गेला. ऑगस्टमध्ये वरच्या न्यायालयाने अपील फेटाळले.

या हकिकतीत आणखी एक गोष्ट आहे, ती मुलांना अवश्य सांगावी. ताशींची बाजू मांडणारे वकील हान चिनी होते. त्यांपैकी एक लियांग शियाओजुन. अशा खटल्यात उभे राहणे म्हणजे वकिलाने आपली सनद धोक्यात घालणे होय. तरी ते उभे राहिले. म्हणून 'चिनी लोक असेच' असे बोलणे खोटे आहे. अन्याय एका व्यवस्थेने केला, आणि त्याच समाजातली माणसे त्याविरुद्ध उभी राहिली. कोणत्याही समाजाविषयी सरसकट बोलताना जीभ आवरावयास पाहिजे.

६. सुटकेनंतर

२८ जानेवारी २०२१ रोजी पाच वर्षे पूर्ण भरून ताशी बाहेर आले. त्याच महिन्यात बीजिंगमध्ये एक गोष्ट घडली. काही प्रदेशांत अल्पसंख्य भाषांतून शिकविण्याचे जे स्थानिक नियम होते, ते घटनेशी विसंगत आहेत, असे राष्ट्रीय लोकसभेच्या विधी विभागाने जाहीर केले. आधार दिला तो १९ व्या कलमाचा. चौथे कलम जागेवरच राहिले, पण त्याचे वजन गेले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूपासून अल्पसंख्य प्रदेशांतील बालवाड्यांतही समान चिनी भाषा वापरण्याचा आदेश निघाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी सुमारे दहा लाख तिबेटी मुले सरकारी निवासी शाळांत घरापासून व भाषेपासून तोडली जात आहेत, अशी चिंता व्यक्त केली. चीन सरकारने ती नाकारली.

म्हणजे ताशी आत गेले तेव्हा जी मागणी कायद्यात होती, ती ते बाहेर येईपर्यंत कायद्यातूनही निसटू लागली होती.

ते गप्प बसले का? नाही. ते शाळांना भेटी देत राहिले, तिबेटी शिकवा असे अर्ज करीत राहिले, जे दिसले ते लिहीत राहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये गोलोक भागात ते शाळा पाहावयास गेले असता तोंड झाकलेल्या माणसांनी त्यांना मारहाण केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेटवरील मजकुराबद्दल त्यांना पुन्हा १५ दिवस कोठडीत ठेवण्यात आले.

७. कागदावरचा हक्क का मेला?

आता पाठाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. हक्क लिहिलेला होता. मागणारा प्रामाणिक होता. मार्ग शांततेचा होता. मग बिघडले कोठे?

उत्तर असे की, त्या हक्काला दार नव्हते. चीनमध्ये घटनेचा अर्थ लावण्याचा अधिकार न्यायालयाकडे नाही. तो लोकसभेच्या स्थायी समितीकडे आहे. घटनेतला माझा हक्क हिरावला, असे म्हणून सामान्य माणसास न्यायालयात दाद मागता येत नाही. न्यायालयेही राज्यकर्त्या पक्षाच्या देखरेखीखाली चालतात. घर सुंदर बांधले, भिंतींवर चांगली वचने लिहिली, पण आत जाण्यास दारच ठेवले नाही, असा हा प्रकार होय.

परमपूज्य बाबासाहेबांना हा धोका पुरा ठाऊक होता. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना, सर्व कलमांत सर्वांत महत्त्वाचे कोणते असे विचारल्यास आपण ज्या कलमाने नागरिकास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाता येते त्याच कलमाचे नाव घेऊ, अशा अर्थाचे ते बोलले. आज तेच आपल्या घटनेचे ३२ वे कलम आहे. ते म्हणजे दार होय. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी दुसरा इशारा दिला : घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारी माणसे वाईट निघाली तर ती वाईटच ठरेल.

दार आहे म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? तसे समजू नये. दार असून त्यातून कोणी जात नसेल, तर तेही गंजते. शिष्यवृत्ती अडली, दाखला अडला, शाळेत मुलास वेगळे बसविले, तर 'अर्ज करून काय होणार' असे म्हणून आपण घरी बसतो. किंवा अर्ज करतो पण खाली सही करीत नाही. ज्या देशात दार नाही तेथे एका दुकानदाराने भिंतीवर हात मारला आणि आपले नाव सांगितले. आपल्याकडे दार आहे, आणि आपण कडी वाजविण्यास कचरतो. या हकिकतीपुढे आपण थोडे ओशाळावयास पाहिजे.

ताशींना यश आले काय? वर्ग उघडले नाहीत. त्या अर्थी यश आले नाही, आणि हे लपवून आपण मुलांना खोटी गोष्ट सांगू नये. पण घटनेत जे लिहिले आहे ते त्या देशात चालत नाही, ही गोष्ट त्यांच्या खटल्याने सर्व जगापुढे उघडी पडली. ज्यांनी शिक्षा दिली त्यांनीच ती निकालपत्रात लिहून ठेवली.

चर्चेसाठी प्रश्न

१. ताशी वांगचुक यांची मागणी नेमकी कोणती होती? ती कायद्याच्या कोणत्या कलमांत बसत होती?

२. समान भाषा शिकणे आणि आपली भाषा टिकविणे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधी आहेत काय? आपल्या घरातील मुले कोणत्या भाषेत वाचतात?

३. ताशींनी नाव व चेहरा लपविला नाही. ते योग्य केले काय? ज्याच्या मागे लहान मुले आहेत त्याने काय करावे?

४. चिनी वकील तिबेटी माणसाच्या बाजूने उभे राहिले. असे उदाहरण आपल्या पाहण्यात आहे काय?

५. गेल्या वर्षभरात आपल्या कुटुंबाने किंवा वस्तीने कोणता हक्काचा अर्ज केला? केला नसेल तर का?

घरी करावयाचे काम

घरात जे कोणी वडीलधारे आहेत त्यांच्याजवळ मुलांनी वही घेऊन बसावे. ते कसे शिकले, किंवा त्यांना का शिकता आले नाही, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि ती वही जपून ठेवावी. आणि या हिवाळ्यात स्वेटर घ्यावयास जाल तेव्हा त्या तिबेटी भगिनीस तिचे गाव कोणते ते विचारा.